मालकाची सही

"मुडदे पडायची वाट बघत बसलाव का तुमी?" महारुद्रनं भर ग्रामसभेत ग्रामपंचायतीच्या टेबलावर हात आपटला. "दोन वर्सं झाली प्रकल्प बांधून. ठेकेदारानं खाल्लं, साहेबांनी खाल्लं, अन् गाव घाण पितंय!"

बायकांच्या घोळक्यात बसलेल्या कडूबाईनं महारुद्रकडं, आपल्या नवऱ्याकडं बघितलं आणि दात आवळले.

गावाखालच्या उतारावर, तळ्याच्या अलीकडं सांडपाण्याचा प्रकल्प उभा होता. दोन हौद, आणि पुढं पाणी गाळून शुद्ध करायला खडीच्या वाफ्यात लावलेली कर्दळ. कर्दळ केव्हाच वाळून गेली होती. गटारीचा थेंबही तिथवर पोचला नव्हता. सगळ्या गावाचं सांडपाणी सरळ तळ्यात जात होतं आणि तळ्याकाठच्या विहिरीतून परत नळाला येत होतं.

बारा दिवसांमागं प्रेमाबाईची सून करिश्मा काविळीनं गेली. सातवा महिना होता. तिला शेवटची अंघोळ कडूबाईनंच घातली. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. पोटावर पाणी ओतताना कडूबाईचा हात थांबला होता. आज प्रेमाबाई समोरच बसली होती, तोंडात पदर कोंबून.

इंजिनिअर राजनंदिनी तालुक्याहून आली होती. तिनं टेबलावर नकाशा पसरला. "गावातला पाइप पुरा झालाय, अण्णा. प्रकल्पाच्या अलीकडं दोनशे फूट तेवढा अडलाय. ते रान तुमचंच आहे."

"माझ्या उसाखालनं गावाची घाण न्यायची? दुसरीकडनं न्या."

"दुसरीकडं चढ आहे. पाणी चढत नाही. पाइप चार फूट खोल जाईल. मालकाची सही मिळाली, तर पंधरा दिवसांत प्रकल्प सुरू करते."

"मालक सही देत न्हाय. घ्या लिहून!"

लोकांनी माना खाली घातल्या. पेरणीला अर्धं गाव त्याच्या ट्रॅक्टरची वाट बघायचं. त्याला कोण बोलणार? प्रेमाबाईनं नुसतं कडूबाईकडं बघितलं.

कडूबाई उठली. बायकांमधून वाट काढत ती टेबलापाशी आली आणि राजनंदिनीपुढचा संमतीचा कागद तिनं स्वतःकडं ओढला.

"बस खाली," महारुद्र गुरगुरला. "घरी जाऊन बोलू."

"घरी लई बोलले. तुम्ही ताट भिरकावलं, म्या गप बसले." तिनं पेन उचललं. "ठिबकचं अनुदान दुसऱ्यांदा उचलायला ते रान कुणाच्या नावावर केलंत, सांगता का सभेला?"

महारुद्रनं टेबलावरचा हात मागं घेतला.

कडूबाईनं सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी. मग ती प्रेमाबाईकडं वळली आणि इतका वेळ पेटलेला तिचा आवाज बसला.

"सात-बारा माझ्या नावावर हाय, प्रेमाबाई. ही सही दोन वर्सांमागंबी माझ्याच हातात व्हती."