काळ्या काचेतली बोटं

भांडुपच्या कॉलेजातल्या जुन्या सर्व्हरवर, आतली माहिती काढता यावी म्हणून, गंधालीने लिनक्स टाकलं आणि मॉनिटर काळा पडला. आत तिच्या दिवंगत सरांच्या नोंदी होत्या, आरेच्या जंगलातल्या फुलपाखरांच्या, बावीस वर्षांच्या. उद्या सकाळी सर्व्हर भंगारात जाणार होता.

"अगो बाय, आटप आता. कुलूप लावायचंय माका," लॅब सांभाळणारे मधुकरकाका दारातून म्हणाले.

"काका, स्क्रीनची पार वाट लागलीय. दहा मिनिटं द्या ना."

मशीन चालू होतं, फक्त चित्र येत नव्हतं. न बघता आज्ञा टाइप करून ग्राफिक्सची सेटिंग बदलायची, एवढाच मार्ग होता. तिने चारदा करून पाहिलं आणि चारही वेळा चुकलं.

दमून तिने हात मांडीवर ठेवले आणि वर पाहिलं. काळ्या काचेत तिचं प्रतिबिंब होतं. त्याचे हात कीबोर्डवर होते.

ती शहारली, पण पाहत राहिली. बोटं एकेक कळ सावकाश दाबत होती, समोरच्याला शिकवावं तशी. डावं-उजवं उलटं धरून गंधालीने त्याच कळा दाबल्या.

स्क्रीन उजळली. शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं पेनड्राइव्हवर उतरलं. तिचे डोळे भरून आले. मॉनिटर बंद करून तिने काळ्या काचेला हात जोडले. "फार उपकार झाले."

काचेतलीने हात जोडले नाहीत. ती हसली, पेनड्राइव्ह खिशात टाकून उठली आणि दाराच्या दिशेने काचेबाहेर गेली.

गंधाली अजून खुर्चीतच होती.

"मिळालां ना गो सगळां? बरां झालां," बाहेर मधुकरकाका कुणाला तरी म्हणाले, आणि कुलूप फिरलं.