बारा नंबरचा संसार

लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये लढाईत बॉम्ब पडून सपाट झालेल्या बारा नंबरच्या घराच्या जागेवर छोट्या बेरिलने विटा मांडून खेळातला संसार थाटला होता. नवरा म्हणून शेजारचा डेरिक होता, कामाला शून्य. रस्त्यावर एक बाई कधीची बघत उभी होती.

"हाकलणार ही आपल्याला," डेरिक पुटपुटला.

बेरिलने कमरेवर हात ठेवले. "या ना बाई, चहा टाकलाय. पाय तेवढे पुसा, आत्ताच झाडलंय."

बाई पाय नीट पुसून आत आली. रिकाम्या डब्यातला चहा तिने फुंकर घालत सावकाश संपवला. मग चारी बाजूंना बघत म्हणाली, "घर छान ठेवलंयस गं. मी राहत होते तेव्हा इतकं नीटनेटकं कधीच नव्हतं."