फाटकाजवळचा ढीग

मुलांनो, एक अंगण डोळ्यांसमोर आणा. काल तिथे लग्न झालं. अख्खा गोतावळा जेवून गेला. आणि आज सकाळी तिथे भाताचं एक शीतही नाही. उष्ट्या पत्रावळी पोत्यांत भरून टेम्पोत चढल्या आहेत. जमीन झाडून, वर पाणी शिंपडून झालं आहे. आता सांगा, घरमालक खूश होईल की नाही?

बालाघाटच्या एका कॉलनीतले मधुकरराव खूश नव्हते. ते अंगणात फेऱ्या मारत होते, पण "छान" म्हणत नव्हते.

समारंभानंतरची सफाई करून देण्याचा धंदा शीलाबाईने नुकताच सुरू केला होता. या कॉलनीतलं हे तिचं पहिलंच काम. पुढच्या आठवड्यात मागच्या गल्लीत चैतरामजींकडे लग्न होतं, आणि ते काम तिला मिळणं मधुकररावांच्या शब्दावर होतं. म्हणून ती पुन्हा पुन्हा कोपरे पाहत होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून बरोबर आलेली तिची मुलगी श्रुतिकाही पाहत होती. चूक काही सापडेना.

तेवढ्यात शेजारच्या प्रमोदिनीबाई दूध आणायला निघाल्या. त्या लग्नाला नव्हत्या. लेकीकडून, गोंदियाहून, आत्ताच परतल्या होत्या.

"काय भाऊजी, घरच्या घरीच उरकलं वाटते? काहीच दिसून नाही राह्यलं."

त्या वळणाआड गेल्याबरोबर मधुकरराव शीलाबाईजवळ आले. "बाई, ती पोती उतरवा. फाटकाजवळ ओता."

"साहेब, तुम्हीच त उचलाले सांगतलं होतं."

"हौ, पण आता ओता म्हणतो ना!"

पोती उतरली. फाटकाजवळ कमरेइतका ढीग झाला. मधुकरराव त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. माशा घोंघावत होत्या, पण त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही.

प्रमोदिनीबाई दूध घेऊन परतल्या. थांबल्या. वाकून पाहिलं.

"अगं बाई! सगळ्या पत्रावळींत भात तसाच पडून आहे. कच्चा राह्यला का, भाऊजी?"

रस्त्याने जाणारे आणखी दोघे थांबले. मधुकरराव ताडकन उठले.

"शीलाबाई! याले सफाई म्हणता का? माझ्या फाटकात कचरा ओतून ठेवता?"

श्रुतिकाने तोंड उघडलं. आईने तिचा हात घट्ट दाबला.

"चुकलं साहेब," शीलाबाई म्हणाली. "माह्याच हातून झालं."

ढीग पुन्हा टेम्पोत चढला. फाटक धुतलं गेलं. सगळे पांगल्यावर मधुकरराव दुसरीकडे बघत हळूच म्हणाले, "चैतरामजींना सांगतो मी. बाई कामाची आहे."

परतताना श्रुतिका म्हणाली, "आई, तू काहून खोटं बोलली?"

"गिऱ्हाइकाले काय पाह्यजे, ते पयले इचारून घ्या लागते, बाई. आपण इचारलंच नाही. तेवढी चूक त आपलीच."

श्रुतिकाने मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात चैतरामजींच्या मांडवात शीलाबाईने पदर खोचला आणि झाडू हातात घेतला. तेवढ्यात श्रुतिका पुढे झाली. पाहुण्यांच्या घोळक्यात बसलेल्या चैतरामजींना तिने वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

"काकाजी, कचरा आताच उचलू, का पयले लोकायले दाखवून घेता?"