रिठ्याची बाटली

सुनेच्या डोक्यातला कोंडा जावा म्हणून दुर्गाबाई दर पंधरा दिवसांनी रिठे, शिकेकाई, आवळा खलबत्त्यात कुटायच्या, उकळून गाळायच्या आणि अनसिंगहून वाशीमला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती बाटली धाडायच्या. धम्मदीपाला त्या काळ्या पाण्याचा वासही सोसवत नव्हता. ती बाटली मोरीत रिकामी करायची, दुकानातल्या शाम्पूनं डोकं धुवायची आणि फोनवर सांगायची, "आई, तुमच्या औषधानं लय फरक पडला."

त्या रविवारी दुर्गाबाई स्वतःच बाटली घेऊन आल्या. सुनेच्या केसांतून बोटं फिरवत हरखल्या, "गेला व माय, पार गेला!"

धम्मदीपाच्या मनाला टोचणी लागली. ती झाकायला म्हणाली, "बसा, आज मी तुमची वेणी घालून देते." तिनं सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर सरकवून भांग पाडला, तर कंगव्याबरोबर कोंड्याचा पांढरा थरच निघाला.

"आई, तुमी काहून नाही लावत हे?"



"माह्याच्यानं एका बाटलीपुरतंच कुटणं होते, माय. म्हटलं, पयले तुया जाऊ दे."