मास्तरांचं उत्तर

मास्तरांनी उत्तर लिहून संपवलं आणि पाठवण्याआधी, नेहमीप्रमाणे, कॉम्प्युटरला वाचायला लावलं. मास्तरांना दिसत नाही. स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारा त्यांचा प्रोग्राम पन्नास-साठ हौशी माणसं आपापल्या घरी बसून, एक पैसा न घेता तयार करतात, आणि त्यांच्यात सगळ्यांत जुने मास्तर. कॉम्प्युटर वाचायचा तो त्यांच्या सवयीच्या वेगानं, म्हणजे चौपट. दुसऱ्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही.

"अहो, जरा हळू करा की त्याला," इस्त्री करता करता बायको म्हणाली. "सकाळपासून डोकं उठवलंय नुसतं."

मास्तरांनी वेग उतरवला. कॉम्प्युटर शब्द सुटे करत, सावकाश बोलू लागला.

"तुम्ही पाठवलेलं काम पाहिलं. स्क्रीनवरच्या एकाही बटणाला नाव दिलेलं नाही. आम्हाला नुसतं बटण, बटण, बटण ऐकू येतं. ज्याला एवढी अक्कल नाही त्यानं इथे लुडबुड करू नये. आपले डोळे घेऊन दुसरीकडे जावं."

इस्त्री थांबली. "कोण हो हा मेला? कोणावर एवढा उखडलाय?"

"मीच आहे तो," मास्तर म्हणाले. "नवा मुलगा आहे एक. स्क्रीनकडे बघितलं आणि झालं म्हणाला. कानांनी तपासलंच नाही."

"त्याचं चुकलंच. पण हे ऐकून तो परत येईल का?"

या हौशी मंडळींचा ग्रुप सांभाळणाऱ्या बाईंचंही कालच पत्र आलं होतं. तुमचं म्हणणं बरोबर असतं मास्तर, पण तुमच्या उत्तरांनंतर यंदा तिघं जण निघून गेले, आता दुरुस्त्या करायला माणसं आणू कुठून? मास्तरांचं डोकंच फिरलं होतं. गेले तर गेले, कच्चे होते. पण ते पत्रही त्यांनी चौपट वेगानंच ऐकलं होतं, आणि स्वतःची आजवरची सगळी उत्तरंही. त्या वेगात शिवी काय नि शाबासकी काय, सारखीच भुर्रकन जाते. आज पहिल्यांदा त्यांना आपलं लिहिणं समोरच्याला ऐकू यावं तसं ऐकू आलं, आणि चांगलीच लाज वाटली.

त्यांनी सगळं पुसलं. नवीन लिहिलं: "बटणांना नावं द्यायची राहिली आहेत. स्क्रीन बंद करून एकदा वापरून बघा, लगेच लक्षात येईल. बाकी काम छान झालंय." शेवटचं वाक्य लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. ते खरं होतं, तरीही.

जेवणं होईपर्यंत उत्तर आलं नाही. मास्तर दोनदा उठून बघून आले. बायकोनं पाहिलं, पण चिडवलं नाही.

दुपारी आलं. "स्क्रीन बंद करून बसलो. वीस मिनिटं झाली, प्रोग्राममधून बाहेर कसं पडायचं तेच सापडेना. शेवटी घाबरून स्क्रीन चालू केली. सर, तुमचं असं अडलं की तुम्ही काय करता?"

मास्तरांनी ते हळू वेगानं पुन्हा एकदा ऐकलं. मग त्यांनी लिहिलं, "ग्रुपवर विचारतो. कोणी ना कोणी सांगतं."