कानामागचा तीळ

डॉक्टरांच्या उजव्या कानामागे कात्री थांबली ती पुन्हा चालेना.

सलूनमध्ये रविवारची गर्दी होती. बाकड्यावरच्या चौघांना केस कापण्यापेक्षा फुकटच्या सल्ल्यात जास्त रस होता. एवढा मोठा डॉक्टर गळ्याला कपडा बांधून अर्धा तास जागचा हलू शकत नाही, अशी संधी पुन्हा कधी यायची? एकाचा गुडघा सांगून झाला होता, दुसरा मेव्हण्याच्या पित्तावर आला होता. डॉक्टर चष्मा काढून, डोळे मिटून सगळ्यांना उत्तरं देत होते. माणसाच्या हाताला गुण होता, आणि हाताइतकाच शब्दालाही.

"साहेब," कारागीर त्यांच्या कानाशी वाकला, "मागे एक तीळ आहे तुमच्या. केसांत."

"जन्मापासून आहे. आईला फार कौतुक होतं त्याचं."

"वाढलाय तो."

डॉक्टर डोळे न उघडताच हसले. "अरे, तू दवाखाना कधी काढलास?"

"बरं झालं," गुडघेवाला म्हणाला, "आता माझा गुडघा यालाच दाखवतो." सगळं बाकडं खदखदलं.

कारागिराचे कान लाल झाले. लहान तोंडी मोठा घास होतोय हे त्यालाही कळत होतं. गेल्या खेपेलाच तो तीळ त्याला खटकला होता. पण डॉक्टरला आपण काय सांगायचं, त्यांना माहीत नसेल होय, म्हणून तो गप्प बसला होता. महिनाभर त्याचं मन त्याला खात होतं.

त्याने कंगवा पुन्हा तिळावर आडवा धरला.

"केसांत तीळ असला की मी कंगवा आडवा लावून किती दाते झाकले ते बघतो, साहेब. नाहीतर कात्री लागते. हा कायम दोन दात्यांत बसायचा. गेल्या महिन्यात तीन झाले. आज चार आहेत. एका बाजूची कडा वेडीवाकडी झालीय. रक्तही आलंय थोडं, आणि माझी कात्री लागलेली नाही."

डॉक्टरांनी डोळे उघडले.

"दाखव."

कारागिराने मागे छोटा आरसा धरला. डॉक्टरांनी चष्मा चढवला, कान दुमडला, मान वळवली. मान वळली की तीळ आरशातून निसटायचा. तीनदा झालं, चौथ्यांदाही झालं.

"राहू दे साहेब. तुमचं डोकं तुमच्यापेक्षा मीच जास्त बघितलंय. अठरा वर्षं."

या वेळी कोणी हसलं नाही.

मग डॉक्टर त्याला एकेक प्रश्न विचारू लागले. रंग आधी कसा होता? सगळीकडे सारखा होता का? आजूबाजूला खाजवल्याचे ओरखडे दिसले का कधी? कारागीर नेमकं सांगत गेला. जे आठवत नव्हतं तिथे सरळ म्हणाला, "ते नाही बघितलं मी." डॉक्टर एकही उत्तर मध्येच तोडत नव्हते.

"उद्याच दाखवतो," शेवटी ते म्हणाले. "माझा एक मित्र आहे, यातलाच."

"मी दुपारी फोन करून विचारणार."

"कर."

प्रश्न संपले. कपड्याखाली डॉक्टरांचे हात एकमेकांत गुंतले, आणि बाकड्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं रे? घाबरण्यासारखं काही नसेल ना?"

खोटं सांगून मोकळं व्हावं, असं अगदी कारागिराच्या मनात आलं होतं.

"ते मला नाही कळत, साहेब. वाढलेलं तेवढं कळतं."

त्याने कात्री खाली ठेवली आणि मोकळा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. अर्धवट कापलेल्या केसांचं ते डोकं डॉक्टरांनी हळूच त्या हातावर टेकवलं.