दर तासाचा काटा

"आत्ताच्या आत्ता बंद कर, दादा. तडा बोटभर वाढलाय," मिस्त्रीची बहीण ओरडली.

मिस्त्रीला तो दिसत होताच. अख्ख्या शहराला वाफ पुरवणारा हा बॉयलर. गिरण्या, पाण्याचे पंप, हवाई जहाजांचा धक्का, सगळं त्याच्याच जिवावर. आणि मिस्त्रीच्या बायकोचा श्वासही. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीने हात टेकले, तेव्हा त्याने स्वतः पितळी भाता घडवला होता. बॉयलरची वाफ घरापर्यंत यायची, भाता हलायचा आणि त्याच्या नळीतून तिला हवा मिळायची. आता बॉयलर थांबवला तर तिचं काय? आणि नाही थांबवला तर अर्धं शहर उडणार.

"घरी पोचलो की शिटी वाजवतो. मगच झडप फिरव," तो म्हणाला. हाताने चालवायचा जुना भाता काखोटीला मारून त्याने धूम ठोकली.

घर समोरच होतं. बायको खिडकीपाशी शाल पांघरून बसली होती. दर तासाला तो इथे यायचा. भात्यावरचा काटा बघायचा, काचेवर टिचकी मारायचा, अर्धा कप चहा घ्यायचा आणि कारखान्यातली एखादी गंमत सांगून निघायचा. आजारपणाआधी मात्र स्वारी फक्त झोपायला घरी यायची. आताही त्याची नजर आधी काट्याकडेच गेली. काटा जागेवर होता.

धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. बॉयलर दुरुस्त होईपर्यंत मी हाताने हवा देईन, दोन दिवस लागले तरी देईन, म्हणाला. शिटी ओठांपर्यंत नेली, पण फुंकायचा धीर होईना.

"तडा कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"आठ दिवस झाले. तुझ्यामुळे हात धजत नव्हता."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने शिटी हिसकावली आणि खिडकीतून फुंकली. लांबलचक, कानठळ्या बसतील अशी.

जरा वेळाने भाता कुरकुरला आणि थांबला. काटा शून्यावर आला. मिस्त्रीने घाईघाईने तिची शाल बाजूला केली, नळी चाचपली. नळीचं टोक खुर्चीखाली पडलं होतं. त्याला घट्ट बूच लावलेलं होतं.

तो बुचाकडे बघत राहिला. मग कितीतरी दिवसांनी त्याने नीट तिच्याकडे बघितलं. ती श्वास घेत होती. स्वतःचा स्वतः, अगदी आरामात. मिस्त्रीला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"अगं, मग सांगायचं नाही का! इथे माझा जीव टांगणीला लागला होता!"

"रोज सांगणार होते." तिने त्याचा नेहमीचा अर्धा कप पुढे सरकवला. "पण मग तुम्ही दर तासाला घरी आला असतात का?"